सांगितल्याशिवाय मेलं म्हणायचं नाही

सर रोज वेगळ्या खुर्चीवर बसायचे. आमची कंपनी छोटी, लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात. खुर्च्या मोजक्याच, त्यामुळे सकाळी आल्याआल्या आपली खुर्ची आज सरांच्या वाट्याला गेलीय का, हे बघणं हा आमचा पहिला कार्यक्रम असे. विचारलं तर म्हणायचे, "एकच खुर्ची रोज वापरली की तीच आधी मोडते. सगळ्या सारख्या झिजल्या पाहिजेत." हाच न्याय ते लिफ्टना, चहाच्या टपऱ्यांना आणि स्वतःच्या डोक्यालाही लावत. भांग एक दिवस डावीकडून, एक दिवस उजवीकडून. मी गिरगावची, मला गप्प बसवत नाही. मी एकदा म्हटलं, "सर, मग चपलाही आलटूनपालटून घाला. डावी उजव्या पायात." त्यांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "करून बघितलंय. चावतात."

ऑफिसात मालकालासुद्धा नावाने हाक मारायची पद्धत होती. यांना मात्र सगळे सर म्हणत. उंच, किंचित वाकलेले, बाह्यांची बटणं कायम लावलेली. आवाज इतका हळू की ऐकायला पुढे झुकावं लागे, आणि पुढे झुकलं की त्यांच्या हातांना डांबरगोळीचा वास यायचा. कपाटातल्या कपड्यांत घालतात ना, त्याच पांढऱ्या गोळ्या. सकाळी वास जास्त, संध्याकाळपर्यंत कमी. आमच्यातले काहीजण त्यावरून पाठीमागे हसत. मीही हसले आहे.

आम्ही जे बनवायचो ते कुणाला दिसत नसे. कॉम्प्युटरमध्ये सगळं ज्यावर साठतं त्या फ्लॅश मेमरीच्या ड्राइव्हला आतून चालवणारा प्रोग्राम आम्ही लिहायचो. त्यातही सरांचं आणि माझं काम म्हणजे कचरा उचलणं. त्याला गार्बेज कलेक्शन म्हणतात. माझ्या आईला हे कळल्यापासून ती शेजारणींना सांगत सुटली होती की मुलगी महापालिकेत लागली.

पहिल्या दिवशी सरांनी मला खिडकीशी नेलं. दोन काचेच्या टॉवरांच्या फटीतून दूरवर थोडी लाल कौलं दिसत होती.

"ते लालबाग. ती आमची चाळ," ते म्हणाले. "आता समज, तिथे एक नियम आहे. खोलीत एकदा बिऱ्हाड मांडलं की त्यात काही बदलायचं नाही. बदल हवा तर नवीन खोलीत मांडायचं आणि जुन्या खोलीच्या दारावर फुली मारायची. फ्लॅश मेमरी तशीच. लिहिलेल्यावर पुन्हा लिहिता येत नाही."

"मग फुली मारलेल्या खोल्या साफ करायच्या."

"एकेक खोली साफ होत नाही. अख्खी चाळ एकदम पाडावी लागते. पाडायच्या आधी आतली जिवंत माणसं उचलून दुसरीकडे न्यायची. हे उचलणं जितकं कमी, तितका आपला कारभार चोख. शिवाय एकेक चाळ किती वेळा पाडून बांधता येईल यालाही मर्यादा आहे. तर मग आधी कुठली पाडायची?"

"जिथे सगळ्यात कमी माणसं उरलीत ती."

"हुशार आहेस," असं म्हणून ते खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांच्या स्वतःच्या चाळीत माणसं कमी होत चालली आहेत, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

काहीही टाकायचं म्हटलं की ते विचारायचे, "कुणी सांगितलंय का?" कपात उरलेला गार चहा ओतायला गेलं तरी तेच. नोकरी सोडून गेलेल्या एकाचं जाकीट कितीतरी महिने खुंटीवर लटकत होतं. साफसफाईच्या बाई ते काढायला गेल्या तर सरांनी थांबवलं. "त्याने सांगितलंय का, नको म्हणून?" मग जाकीट तसंच राहिलं. त्यावर धूळ बसली नाही, कारण सर अधूनमधून ते या खुंटीवरून त्या खुंटीवर टांगायचे. सकाळी दाराजवळ दिसलेलं जाकीट दुपारी खिडकीजवळ दिसलं की उगाच वाटायचं, तो माणूस मधल्या वेळात येऊन गेला.

हे खूळ कामातूनच आलेलं होतं. ड्राइव्हला आपल्यातलं काय मेलं हे स्वतःहून कळत नाही. तुम्ही फाइल उडवली की कॉम्प्युटरने ड्राइव्हला तसा निरोप द्यावा लागतो, अमुक पत्त्यावरचं गेलं म्हणून. त्या निरोपाला ट्रिम म्हणतात. निरोप आला नाही तर ड्राइव्ह मेलेलंही जिवंत समजतो आणि प्रत्येक साफसफाईत ते उचलून नेत राहतो. निरोप एकदा आला, की मात्र संपलं. त्या पत्त्यावर विचारायला जा, शून्य मिळतं.

हे शून्य सरांनी बघितलेलं होतं. मी येण्याआधीची गोष्ट. एका छोट्या स्टुडिओवाल्याने ड्राइव्ह हळू चालतो म्हणून आणून दिला होता. आत कोकणातल्या भजनी मंडळांची जुनी रेकॉर्डिंग होती, गाणारे बहुतेक हयात नव्हते, आणि दुसरी प्रत कुणाकडे नव्हती. तपासणीत सरांच्या हातून निरोप चुकीच्या पत्त्यांवर गेला. दुसऱ्याच्या ड्राइव्हमध्ये कदाचित वेळ मिळाला असता, वायर उपटून काही वाचवता आलं असतं. पण तो ड्राइव्ह सरांच्याच नव्या प्रोग्रामवर चालत होता आणि सरांनी त्याला चपळ केलं होतं. त्यांनी वायर उपटेपर्यंत आत सगळं लख्ख. ते स्वतः त्या माणसाच्या घरी जाऊन सांगून आले. त्याने काय म्हटलं ते त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. तेव्हापासून त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: सांगितल्याशिवाय मेलं म्हणायचं नाही, आणि सांगायची घाई करायची नाही.

एका दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी मला लॅबमध्ये बोलावलं. टेबलावर एक ड्राइव्ह, त्याला फक्त विजेची वायर. कॉम्प्युटर जोडलेला नव्हता. पडद्यावर वीज किती खेचली जातेय त्याची रेघ.

"बघत बस," म्हणाले.

रेघ सपाट होती. मी कंटाळले आणि बडीशेप चघळत बसले. मग रेघ उठली. थरथरत वर राहिली आणि सावकाश खाली बसली. थोड्या वेळाने पुन्हा.

"कोण बोलतंय त्याच्याशी?" मी विचारलं. काय चाललंय ते मला पुस्तकी माहीत होतं, तरी अंगावर काटा आला.

"कुणी नाही. कुणी काही मागितलेलं नाही, कुणी काही सांगितलेलं नाही. सगळे गेले असं वाटलं की तो आवरायला काढतो. इथलं उचलतो, तिथे ठेवतो." ते जवळजवळ प्रेमाने बोलत होते. "उद्या सकाळी कुणी आत बघितलं तर सगळं जागचं हललेलं. आणि बाहेरून कुणी आलेलं नाही."

हेच मी पुढे त्यांच्याच तोंडून पुन्हा वदवून घेणार होते.

मग ते कॅमेऱ्यांचं काम आलं. दुकानांत लावायच्या कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी पेटी बनवणारा एक ग्राहक होता. त्याच्या पेट्या ड्राइव्हला निरोप म्हणून कधी द्यायच्याच नाहीत, आणि ड्राइव्ह फार लवकर मरत होते. रोजचं चित्रण सारखं बदलणारं. त्यातच अधूनमधून जपून ठेवलेले जुने तुकडे, जे पुन्हा कुणी बघत नसे. रोजचं साफ करायला घेतलं की मध्ये मध्ये हे जुने तुकडे आडवे यायचे आणि प्रत्येक वेळी उचलून न्यावे लागायचे. उचलण्यातच ड्राइव्हचा जीव जात होता. मालक म्हणाला, "सिंपल आहे यार. जे इतकी वर्षं कुणी मागितलं नाही ते डेड समजा, टाकून द्या."

सरांचा आवाज मी तेवढा एकदाच चढलेला ऐकला. "मागितलं नाही म्हणजे मेलं नाही."

दोन दिवस ते लॅबमध्येच बसून होते. मग एका सकाळी फळा गच्च भरला होता. कल्पना साधी होती, म्हणजे सुचल्यावर साधी. सारखं बदलणारं एका बाजूला लिहायचं, आणि जे कुणी मागत नाही पण टाकायचंही नाही ते वेगळ्या जागी एकत्र ठेवायचं. मग रोजचं आवरताना त्या जागेला हात लावावा लागत नाही. मी विचारलं, सुचलं कसं? म्हणाले, "आमच्या घरी आई तसंच करते. रोजचे कपडे फळीवर. माझ्या भावाचे पत्र्याच्या पेटीत, डांबरगोळ्या घालून." त्यांना भाऊ आहे हे मला तेव्हा कळलं.

ड्राइव्ह टिकायला लागले. मालक खूश झाला, केक कापला. सरांनी केक कुठल्या बाजूने कापायचा यावर बराच वेळ घातला आणि मग मला म्हणाले, "रविवारी घरी जेवायला ये. आईच्या पेटीचा मान आहे हा."

रविवारी सकाळी उशिरा मी लालबागला पोचले. मसाल्याच्या दुकानांवरून जाताना मिरच्या कांडल्याचा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी काढत गल्लीत शिरले आणि चाळीच्या दारात थबकले. चाळ रिकामी होती. पुनर्विकासात निघाली होती, बाकी सगळी बिऱ्हाडं कॉटन ग्रीनच्या बाजूला तात्पुरत्या घरांत हलवलेली. खालच्या मजल्याला लाकडी टेकू. खोल्यांची दारं काढून नेलेली, आत भिंतींवर रंगाचे चौकोन राहिलेले, जिथे कपाटं होती, देव होते. गॅलरीतून चालताना माझ्याच चपलांचा आवाज प्रत्येक खोलीतून उलट येत होता. एवढ्या मोठ्या चाळीत एकच दार शाबूत होतं, दुसऱ्या मजल्याच्या टोकाचं. त्याला ताजं तोरण होतं.

"पावसाळ्याआधी निघा म्हणून सारखे सांगतात," सर सहज म्हणाले. "भिंतीला भेग गेलीय. पण शांत आहे ना? त्याला बरं पडतं."

"कुणाला?"

"धाकट्याला."

सरांच्या आई लहानखुऱ्या, काटक, गुडघ्यांनी अधू. आयुष्य लालबागमध्ये गेलं तरी बोली मालवणीच. बांगड्याचं तिखलं, भात, सोलकढी. आम्ही तिघं होतो आणि ताटं चार मांडलेली होती. चौथ्यावरही वाढलं. सर त्या ताटाकडे तोंड करून नीट बोलत होते, मीठ जरा जास्त झालंय असं काहीबाही. त्यांच्या आई माझ्याकडे बघत होत्या. मी घास घेतला, पण बांगड्याची चव मला आठवत नाही.

जेवताना सरांनीच सांगितलं. भाऊ एका सकाळी "दळण टाकून येतो" म्हणून डबा घेऊन उतरला. दळण गिरणीत पोचलं, पीठ झालं. संध्याकाळी गिरणीवाल्याने डबा घरी पाठवला. भाऊ आला नाही. पोलीस, इस्पितळं, गाव, सगळं बघून झालं. बारा वर्षं कधीच उलटून गेली होती.

"पण तो येतो," सर म्हणाले. "आम्ही झोपल्यावर. पेटीतला शर्ट सकाळी उशाशी असतो. फणी खिडकीत. डबा इकडचा तिकडे. पेटीला मी कुलूप लावत नाही." आणि मग आईस्क्रीम आणायला ते खाली गेले.

त्यांची पावलं जिन्यावरून विरेपर्यंत त्यांच्या आई थांबल्या.

"बाय, माझा काय तो ऐकना नाय. तुझा ऐकतलो," त्या म्हणाल्या. "भाव खयचो येता? ह्योच उठता. डोळे उघडे, पण झोपेत. पेटी उघडता, शर्टाची घडी मोडता, परत घालता, खयतरी ठेवता आणि येवन झोपता. सकाळी माका सांगता, आये, तो येवन गेलो."

मला एकदम डांबरगोळ्यांचा वास आठवला. सकाळी जास्त, संध्याकाळी कमी.

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत, काकी?"

"कसा सांगू? तेचा तोंड बघलंय काय जीभ उचलना नाय. खुशीत असता तो तेव्हा." त्यांनी पदराने हात पुसले. "भटजी म्हणता, बारा वर्सां झाली, पळसाच्या पानांचो माणूस करून जाळूचो. म्हणजे गेल्याक वाट मिळता. पण अग्नी भावान देवचो लागता. ह्यो नाय म्हणता. आणि तेका निरोप दिल्याशिवाय मी ह्या खोलीतसून उतरूचंय नाय. उद्या इलो तर ह्याच दारात येतलो ना तो?"

"पण काकी, ही भिंत..."

"भिंत माका दिसता. माका माझी काळजी नाय." त्यांनी चौथ्या ताटाकडे बोट केलं, मग दाराकडे. "तो गेलो. ह्यो अजून आसा. पावसात ह्या घर बसला तर ह्योव जायत."

पिठाचं काय केलंत, असा वेडगळ प्रश्न मी विचारला, काय बोलावं सुचेना म्हणून. "भाकऱ्या केलंय," त्या म्हणाल्या. "फुकट कसा घालवू?" मग जिन्यावर पावलं वाजली आणि आम्ही दोघी आईस्क्रीमसाठी वाट्या काढायला लागलो. त्या वाट्याही चार होत्या.

घरी जाताना मी चिडलेली होते. सरांवर, त्यांच्या आईवर, मला यात ओढल्याबद्दल दोघांवर. ज्या माणसाने जगातल्या सगळ्या थंड पडलेल्या गोष्टी वेगळ्या ठेवून ड्राइव्हचा जीव वाचवला, तो स्वतः रोज तीच पेटी उपसत होता. आणि त्या उपसण्यापायी दोन जिवंत माणसं तडकलेल्या भिंतीखाली बसली होती. मला भीतीही वाटली. मी सांगितलं आणि सर आतून लख्ख पुसले गेले तर?

पाऊस तोंडावर आला होता. एका दुपारी मी लॅबमध्ये ड्राइव्ह मांडला, विजेची वायर लावली, कॉम्प्युटर लावला नाही, आणि सरांना बोलावलं. आम्ही दोघं शेजारी बसलो. सपाट रेघ बराच वेळ सपाट राहिली. मग उठली.

"कोण आलं, सर?"

"कुणी नाही," ते सवयीने म्हणाले. "तो स्वतःच. सगळे गेले असं वाटलं की..."

वाक्य तिथेच राहिलं. रेघ खाली बसली, पुन्हा उठली. मी काहीच बोलले नाही. एरवी मला ते जमत नाही. सरांनी सावकाश उजवा हात वर आणला आणि बोटं नाकाशी धरली. मग डावा. बराच वेळ ते स्वतःच्याच हातांचा वास घेत राहिले.

"आईला माहीत आहे?"

"पहिल्यापासून."

"मग सांगितलं का नाही तिने?"

"सांगितलं की गेलं, असं तुम्हीच म्हणता ना."

त्यांनी पडद्याकडे बघितलं. एकदा हसले, आवाज न करता. "रोज बघून बघून झिजले असतील तिचे डोळे," म्हणाले. त्यांनी हात पुढे करून ड्राइव्हची वायर काढली, हळूच, झोपलेल्याच्या अंगावरून पांघरूण काढावं तशी. त्या दिवशी ते अर्ध्या दिवसातून घरी गेले. जाताना खुंटीवरचं जाकीट काढून, घडी घालून, हातात घेऊन गेले. ज्याचं होतं त्याला विचारायला.

विधी बाणगंगेला झाला. पळसाची पानं दादरच्या फुलबाजारातून मी आणली, तेवढं काम मी मागून घेतलं होतं. भटजींनी दर्भ आणि पानांचा माणूस बांधला, हात, पाय, डोक्याच्या जागी नारळ. सरांच्या आईंनी पिशवीतून चौकटीचा शर्ट काढला आणि त्याच्या अंगावर पसरला. भटजी काहीतरी म्हणायला गेले आणि गप्प बसले. शर्टाखाली ते जे होतं ते कुणीतरी कुशीवर वळायच्या बेतात असल्यासारखं दिसत होतं. सर त्याच्याकडे बघत उभे होते. भटजींनी दोनदा खूण केली तरी हलले नाहीत.

"सांग तेका," त्यांच्या आई म्हणाल्या.

सर खाली वाकले. नारळाच्या अगदी जवळ तोंड नेऊन काहीतरी बोलले. मग त्यांनी अग्नी दिला. शर्टाने लगेच पेट घेतला, पानं ओलसर होती, त्यांचा धूर झाला. धुराला डांबरगोळीचा वास होता. मी तिथेच रडले, ओळखपाळख नसलेल्या माणसासाठी, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

त्याच आठवड्यात ते दोघं कॉटन ग्रीनला राहायला गेले. चाळ पाडली त्या दिवशी सर ऑफिसच्या खिडकीत उभे होते. टॉवरांच्या फटीतून धुळीचा ढग दिसला आणि नंतर तिथे कौलं नव्हती. "आत कुणी नव्हतं," ते म्हणाले. "सगळे उचलले होते." आणि खुर्चीवर येऊन बसले. ती कालचीच खुर्ची होती. दुसऱ्या दिवशीही तीच. हळूहळू सगळ्यांना कळलं की सरांची आता एक खुर्ची आहे.

हाताचा वास गेला. ते आवरणं थांबलं, रात्रभर झोप लागते, असं त्यांनीच सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र कधी कधी, कुणी काही विचारलं की, उत्तर यायला थोडा उशीर व्हायचा. त्या पत्त्यावर जाऊन, शून्य बघून, परत यायला वेळ लागावा तसा.

कंपनी सोडण्याआधी मी कॉटन ग्रीनला काकींना भेटायला गेले. छोटी खोली, नीटनेटकी, एकच खिडकी. सर कामासाठी बेंगळुरूला गेले होते, दुपारच्या विमानाने यायचे होते. काकींचे गुडघे पार गेले होते, पलंगावरून उतरताही येत नव्हतं. शेजारीण सकाळ-संध्याकाळ येऊन सगळं करून जायची. दळणाचा डबा कोपऱ्यात होता.

"पेटी नाही ठेवलीत?" मी विचारलं.

"पेटी दिलंय भंगारात. एक फणी ठेवलंय, डब्यात. तेवढी जड जायना नाय." त्यांनी पांघरूण गुडघ्यांवर ओढलं. मग खिडकीकडे हात केला. "काल थय होती."

खिडकीच्या कठड्यावर आता काही नव्हतं.

"शेजारणीने ठेवली असेल, काकी."

"तिणाच उचलून माझ्या हातात दिल्यान. इचारल्यान, काकी, ओली कशी?" त्या हे भाजीचा भाव सांगावा तशा सांगत होत्या. "ह्यो परवापासून बेंगळूराक. मी अशी पडान."

मला उठून दिवा लावावासा वाटला. बाहेर लख्ख दुपार होती.

"सरांना सांगितलंत?"

"नाय. तेका आता झोप लागता." त्यांनी माझा हात धरला. त्यांचा हात कोरडा, गरम होता. "मी भटजीक तेव्हाच इचारलंय. जाळल्यावर तो परत इलो तर? म्हणालो, जुन्या नावान घरात घेवचो नाय. ता नाव जळला. न्हाऊक घालूचो, बारसो करूचो, नवीन जल्म झालो असा समजान नव्या नावान हाक मारूची. म्हणान मी नाव काढून ठेवलंय."

विधीसाठी हटून बसलेली ही बाई. खोलीतून उतरणार नाही म्हणणारी. पळसाच्या माणसावर स्वतःच्या हाताने शर्ट पसरणारी. 

"काय नाव, काकी?"

त्यांनी मला जवळ ओढलं आणि कानात सांगितलं. चांगलं नाव होतं. साधं, लहान मुलाला शोभेल असं. ऐकल्यावर मी ते म्हणून बघायला सहज तोंड उघडलं, तर त्यांनी घाईने माझ्या ओठांवर हात ठेवला.

"मोठ्यान घेव नको," त्या म्हणाल्या. "ओ देयत."

ते नाव मी अजून कधी मोठ्याने उच्चारलेलं नाही.